चार तासांची मैफल : ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्यांच्या रसिकांतील मतभेद

अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या चाहत्यांत त्यांच्या गाण्यांविषयी जेवढे बोलले जाते, जवळजवळ तेवढेच त्यांच्या कार्यक्रमांच्या लांबीविषयीही बोलले जाते, आणि इतक्या वर्षांत या विषयावर त्यांचे एकमत झालेले नाही. मोठ्या मैदानावरचा रॉकचा कार्यक्रम सर्वसाधारणपणे दोन-अडीच तासांत आटोपतो. स्प्रिंगस्टीन मात्र साठी उलटल्यावरही तीन-साडेतीन तास गात राहिले आणि काही रात्री त्यांनी चार तासांची मर्यादाही ओलांडली. रसिकाने मोजलेल्या पैशाचे कलावंताने केलेले चीज म्हणून एक पक्ष या लांबीकडे पाहतो, तर दुसऱ्या पक्षाच्या मते तिच्यापायी कार्यक्रमाचा बांधेसूदपणा हरवला. दोन्ही पक्षांत जाणकार आहेत आणि दोघांच्याही हाती ध्वनिमुद्रणांचे पुरावे आहेत. तरीही या वादात एक गोष्ट नजरेआड होते, ती अशी की स्प्रिंगस्टीन यांच्या कारकिर्दीत लांब कार्यक्रमाचा एकच एक प्रकार कधी नव्हता. १९७८ मधले तीन तास आणि २०१२ मधले चार तास यांची घडणच वेगळी होती.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येतो. जन्म २३ सप्टेंबर १९४९ रोजी न्यू जर्सी राज्यात, बालपण फ्रीहोल्ड या गावी कष्टकरी कुटुंबात, उमेदवारी ॲस्बरी पार्क या समुद्रकाठच्या गावातील क्लब आणि बारमध्ये. १९७३ मध्ये पहिले दोन अल्बम, १९७५ च्या ‘बॉर्न टू रन’ने मिळवून दिलेले नाव आणि १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ने दिलेली जगभरची प्रसिद्धी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातली बारमधली उमेदवारी सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे बँडला एका रात्रीत अनेक ‘सेट’, म्हणजे मध्ये थोडी उसंत घेऊन गाण्यांच्या अनेक फेऱ्या, वाजवाव्या लागत आणि पेयपान व गप्पांत रमलेल्या माणसांना आपल्याकडे वळवावे लागे. घामाघूम होईपर्यंत गाणे आणि संपले असे वाटत असताना पुन्हा उसळून उठणे, ही जेम्स ब्राउन यांच्यासारख्या सोल गायकांची रीतही स्प्रिंगस्टीन यांनी याच वयात आपलीशी केली.

दर्दी चाहत्यांना कोणता दौरा सर्वांत मोलाचा वाटतो असे विचारले, तर उत्तर बहुधा १९७८ चा असे येते. ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ हा अल्बम त्या वर्षीच्या जून महिन्यात प्रसिद्ध झाला आणि त्यानिमित्त निघालेल्या दौऱ्यातले काही कार्यक्रम स्थानिक रेडिओ केंद्रांनी थेट प्रसारित केले : जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सी क्लबातला, ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या अगोरातला, सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतील पसेइकच्या कॅपिटॉल थिएटरातला आणि डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमधला. ही प्रसारणे श्रोत्यांनी घरोघरी टेपवर उतरवून घेतली, त्यांच्या प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि पुढे २०१४ पासून जुन्या कार्यक्रमांची अधिकृत ध्वनिमुद्रणे विक्रीस येऊ लागेपर्यंत याच टेप स्प्रिंगस्टीन यांच्या रसिकतेच्या पाठशाळा ठरल्या.

१९ सप्टेंबर १९७८ च्या पसेइकच्या कार्यक्रमाचा आराखडा पाहिला, म्हणजे त्या काळच्या लांबीमागचा विचार उलगडतो. कार्यक्रम दोन भागांत होता आणि मध्ये चक्क मध्यंतर होते. पहिल्या भागाचा शेवट ‘जंगललँड’ या प्रदीर्घ रचनेवर झाला, ज्यात क्लॅरेन्स क्लेमन्स यांचे सॅक्सोफोनवादन हा केंद्रबिंदू असतो. दुसरा भाग ‘किटीज बॅक’ने उघडून ‘रोझलिटा’वर संपला आणि त्यानंतर ‘एन्कोअर’, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा मंचावर येऊन सादर केलेली गाणी, झाली. चढणीवर नेणारी गाणी, मग एखादा निवांत टप्पा, पुन्हा चढण, असा हा प्रवास रचलेला असल्यामुळे सुमारे तीन तासांचा तो कार्यक्रम टेपवर ऐकतानाही कुठे रेंगाळत नाही.

त्यातही ‘प्रूव्ह इट ऑल नाइट’ या गाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. अल्बमवर हे गाणे चार मिनिटांच्या आत संपते. १९७८ च्या मंचावर मात्र त्याला एक दीर्घ प्रस्तावना लाभली : रॉय बिटन यांचा पियानो एकट्याने काही स्वर फिरवत राहतो, त्यावर स्प्रिंगस्टीन यांचे गिटार आधी हळुवार आणि मग टोकदार होत चढते, ड्रमवादक मॅक्स वाइनबर्ग ताल आवळत नेतात, आणि ऐकणाऱ्याची उत्कंठा शिगेला पोचल्यावरच गाण्याचा परिचित भाग सुरू होतो. गिटारवादक म्हणून स्प्रिंगस्टीन यांची खरी योग्यता कळायची असेल, तर त्यांच्या कोणत्याही अल्बमपेक्षा ही प्रस्तावना ऐकावी. पुढे ती बँडच्या कार्यक्रमांतून जवळजवळ नाहीशी झाली, आणि २०१२ च्या युरोप दौऱ्यात ती पुन्हा वाजली तेव्हा चाळीस-चाळीस कार्यक्रम पाहिलेल्या चाहत्यांनाही भरून पावल्यासारखे झाले. १९८६ मध्ये ‘लाइव्ह १९७५–८५’ हा ४० ध्वनिमुद्रणांचा संच निघाला, त्यात या गाण्याला जागा मिळाली नाही, ही तक्रार जुने चाहते अजूनही विसरलेले नाहीत. त्याच संचात ‘बॅकस्ट्रीट्स’ हे गाणे १९७८ च्या रॉक्सीतले घेतले होते. त्या काळी गाण्याच्या मधोमध स्प्रिंगस्टीन अर्धे बोलत, अर्धे गात विश्वासघाताची एक उत्स्फूर्त कैफियत मांडत, आणि नेमका तोच भाग संचात कापला गेला. नेटकेपणासाठी लांबी छाटली की काय हरवते, याचा इतका बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

३१ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या नॅसो कोलिझियममध्ये त्यांनी ३८ गाणी सादर केली आणि हा कार्यक्रम पुढे तीन दशके त्यांचा सर्वांत लांब कार्यक्रम म्हणून गणला गेला. त्यालाही मध्यंतर होते. बँड फुटून पुन्हा एकत्र आल्यावर, १९९९ च्या पुनर्मीलनाच्या दौऱ्यापासून, मध्यंतर गेले. लांबीविषयीचा आजचा वाद खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो, कारण विश्रांती गेल्यावर वादकांचे आणि श्रोत्यांचे शरीर हाच कार्यक्रमाचा विषय होऊन बसला. मंचासमोर उभे राहून ऐकण्याच्या जागेला ‘पिट’ म्हणतात. तिथे पुढची जागा मिळावी म्हणून चाहते भल्या पहाटेपासून रांग लावतात, युरोपात तर स्वतःच क्रमांक देऊन ठरावीक वेळी हजेरी घेतात. एकदा आत गेल्यावर जागा सोडणे परवडत नाही, तेव्हा पाणीही बेताने प्यावे लागते. मागच्या आसनांवरचे श्रोते एखाद्या गाण्याच्या वेळी उठून स्वच्छतागृह गाठतात, आणि असे कोणते गाणे निवडावे यावरही तट पडले आहेत. ‘वेटिन ऑन अ सनी डे’ हे त्यातले सर्वांत वादग्रस्त, कारण त्यात स्प्रिंगस्टीन गर्दीतल्या एखाद्या लहान मुलाला मंचावर घेऊन त्याच्याकडून ध्रुपद गाऊन घेत. कुटुंबासह आलेल्यांना हा क्षण हृद्य वाटे, तर दर्दी मंडळी त्याच सुमारास घड्याळाकडे पाहू लागत. येथे दर्दी मंडळींचा कल थोडा कठोर आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

फलकांच्या प्रथेने वादाला आणखी एक बाजू आणली. २००७ नंतरच्या दौऱ्यांत श्रोते हव्या त्या गाण्यांची नावे पुठ्ठ्यावर रंगवून आणू लागले आणि स्प्रिंगस्टीन ते फलक गोळा करून त्यांतले एखादे गाणे आयत्या वेळी वाजवू लागले. ७ जुलै २०१३ रोजी जर्मनीतील लाइपझिग येथे त्यांनी चक बेरी यांच्या ‘यू नेव्हर कॅन टेल’ या गाण्याचा फलक उचलला. त्यानंतरची काही मिनिटे चित्रफितीत पाहण्यासारखी आहेत : ते गिटारवर एक स्वरपट्टी लावून पाहतात, गुणगुणतात, आवाज बसत नाही म्हणून पट्टी बदलतात, फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांना त्यांचा तुकडा तोंडाने गाऊन दाखवतात, वादक मान डोलावतात, आणि ज्याची तालीम झालेली नव्हती ते गाणे हजारोंच्या समोर उभे राहते. यामुळे कार्यक्रमाची रचना विस्कटते, मागण्यांमागून मागण्या पुरवताना मधला तास पसरट होतो, हा आक्षेप खोटा नाही. पण लाइपझिगसारखा क्षण दोन तासांच्या घट्ट बांधलेल्या कार्यक्रमात येऊच शकत नाही, कारण चुकायला, पट्टी बदलायला आणि पुन्हा सुरू करायला तिथे वेळच नसतो. लांबीचे खरे समर्थन मिनिटांच्या विक्रमात नाही. तिने दिलेल्या या मोकळिकीत आहे.

विक्रम मोजणाऱ्यांचा मात्र स्वतंत्र पंथ आहे, आणि २०१२ हे त्यांचे सुवर्णवर्ष होते. जून २०११ मध्ये क्लॅरेन्स क्लेमन्स यांचे निधन झाले होते आणि त्यांच्या जागी पुतणे जेक क्लेमन्स आले होते. १४ जुलै २०१२ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पॉल मॅकार्टनी मंचावर आलेले असताना ठरलेली वेळ उलटली म्हणून आयोजकांनी ध्वनिवर्धक बंद केले, यावर चाहत्यांत आणि बँडमध्येही संताप उसळला. तीन दिवसांनी डब्लिनमध्ये बँडने जिथे आवाज तुटला होता तिथूनच गाणे उचलले. २८ जुलैला स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे जेक यांनी ‘जंगललँड’मधला काकांचा सॅक्सोफोनचा भाग प्रथमच मंचावर वाजवला. ३१ जुलैला हेलसिंकीत कार्यक्रम ४ तास ६ मिनिटे चालला, गाणी ३३, आणि त्याआधी लवकर आलेल्यांसाठी स्प्रिंगस्टीन एकटेच गिटार घेऊन काही गाणी गाऊन गेले होते, ती वेगळीच. त्यांचे वय तेव्हा ६२ होते. त्याच महिन्यात ‘द न्यू यॉर्कर’मध्ये डेव्हिड रेमनिक यांचा दीर्घ लेख आला, त्यात स्प्रिंगस्टीन यांनी तरुणपणीच्या या लांबच लांब कार्यक्रमांचा संबंध भीतीशी आणि स्वतःविषयीच्या तिटकाऱ्याशी जोडला होता. लांबीला निव्वळ औदार्य मानणाऱ्यांनी आणि तिला निव्वळ हट्ट मानणाऱ्यांनी, दोघांनीही हा कबुलीजबाब पुन्हा वाचायला हवा.

भारतातल्या श्रोत्यांच्या वाट्याला मात्र ही लांबी आलेली नाही. ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ते गायले, पण तो ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा मानवी हक्कांसाठीचा दौरा होता आणि मंच स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन व युसू एन्दूर यांच्याबरोबर वाटून घ्यायचा होता.

७ सप्टेंबर २०१६ रोजी फिलाडेल्फियात तंतुवाद्यांच्या साथीने ‘न्यू यॉर्क सिटी सेरेनेड’ने सुरू झालेला कार्यक्रम ४ तास ४ मिनिटांनी संपला आणि अमेरिकेतला त्यांचा सर्वांत लांब कार्यक्रम ठरला. त्यानंतर वारे फिरले. ब्रॉडवेच्या नाट्यगृहात २०१७ व २०१८ मध्ये त्यांनी एकच संहिता २३६ वेळा सादर केली, आणि २०२३ मध्ये बँड पुन्हा रस्त्यावर उतरला तेव्हा गाण्यांची यादी रोज जवळजवळ तीच राहू लागली, वेळही बहुधा तीन तासांच्या आत आली. तिकिटांचे भाव मागणीनुसार चढत जाऊन काही जागांसाठी हजारो डॉलरवर गेल्याने चाहते आधीच दुखावले होते. १९८० पासून चाललेले ‘बॅकस्ट्रीट्स’ हे चाहत्यांचे नियतकालिक त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद झाले. एवढे पैसे मोजून कालचीच यादी का ऐकायची, हा प्रश्न रास्त होता.

पण ती यादी विचार न करता लावलेली नव्हती. ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ हे गाणे शाळकरी वयातल्या ‘कॅस्टील्स’ या बँडमधले सोबती जॉर्ज थीस यांच्या २०१८ मधील मृत्यूतून जन्मले. ते गाऊन झाल्यावर बँड ‘बॅकस्ट्रीट्स’ सुरू करी, आणि त्याच्या मध्यभागी, जिथे १९७८ मध्ये विश्वासघाताची कैफियत होती, तिथे आता गेलेल्या मित्राच्या मागे उरलेल्या वस्तू जपून ठेवल्याचे निवेदन येई. ४५ वर्षांनी तीच मोकळी जागा पुन्हा उघडली गेली होती आणि तिच्यात दुसराच माणूस येऊन बसला होता. यादी रोज बदलली असती तर ही जुळणी साधली नसती. सतत बदलणाऱ्या कार्यक्रमाची चटक लागलेल्या जुन्या श्रोत्यांनी २०२३ च्या दौऱ्यावर थोडा अन्याय केला, असेच म्हणावे लागते.

पोटातील व्रणाच्या विकारामुळे सप्टेंबर २०२३ पासूनचे कार्यक्रम पुढे गेले आणि मार्च २०२४ मध्ये दौरा पुन्हा सुरू झाला, तो काहीशा सैल हाताने. फलक परतले, यादी हलू लागली, तीन तास पुन्हा ओलांडले जाऊ लागले. १५ सप्टेंबर २०२४ रोजी ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यावर, पंच्याहत्तरीला आठवडा उरला असताना, स्प्रिंगस्टीन यांनी आपल्या सुरुवातीच्या काळातील गाण्यांचा मोठा गुच्छ सादर केला आणि त्यात ‘थंडरक्रॅक’ही होते. १९७३ मध्ये हे गाणे कार्यक्रमाच्या अखेरीस वाजे, पण अधिकृतपणे ते प्रसिद्ध व्हायला १९९८ उजाडले. पाच-दहा दौऱ्यांची ध्वनिमुद्रणे पाठ असलेल्यांनी त्या रात्री किती मिनिटे झाली ते मोजलेच, आणि काहींनी एन्कोअरमधली नेहमीची गाणी या खेपेला तरी वगळायला हवी होती, असा आक्षेपही नोंदवला.