खटकणे म्हणजे अपाय नव्हे

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात मांडलेले अपाय-तत्त्व (इतरांना होणारा अपाय टाळण्यासाठीच व्यक्तीवर सक्ती करावी, हा नियम) पुष्कळदा ‘कुणाला खटकणार नाही तेच करा’ असे सांगितले जाते. मिलचे म्हणणे तसे नाही. शेजाऱ्याने मध्यरात्री मोठ्याने गाणी लावली तर आपली झोपमोड होते. त्याला रोखता येते. त्याच्या ताटातले मासे आपल्याला आवडत नाहीत, एवढ्यावरून त्याला अडवता येत नाही. समजावता मात्र येते. याउलट तत्त्वज्ञ रूसो सामूहिक इच्छेच्या (सर्वांच्या हिताकडे पाहणाऱ्या संकल्पाच्या) पालनातच व्यक्तीचे स्वातंत्र्य पाहतो. मिलला मात्र कायद्याइतकीच लोकमताच्या जुलमाची धास्ती होती. रूढींशी झगडणाऱ्या समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांना तो जवळचा वाटला, याचे कारण मला इथेच दिसते.