आठ दिनार एकशे ब्याण्णव फिल्स

पुरवणीत संगणकावर लेख आला की निम्मे वाचक पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. या वेळी जरा थांबावे अशी विनंती. कारण हा लेख संगणकाइतकाच एका माणसाच्या अब्रूचा आहे, आणि ती अब्रू वाचली ती फुकट मिळणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममुळे.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. हूऱ्यात, एक्झिबिशन ॲव्हेन्यूच्या आतल्या एका गल्लीत आमचे ऑफिस होते. खाली कोल्ड स्टोअर, शेजारी करक चहाचे दुकान आणि वर बांधकामाचे सुटे सामान विकणारी आमची चौदा माणसांची कंपनी. मी विक्रीचे काम पाहत असे. पण संगणकाची थोडी आवड होती, म्हणून प्रिंटर अडला की हाक मलाच. आमचा ‘सर्व्हर’ म्हणजे झेरॉक्स मशीनच्या मागे ठेवलेला एक साधा टेबलावरचा संगणक. त्यावर सगळ्यांच्या फायली आणि हिशेबाचा प्रोग्राम. अधूनमधून तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. आम्ही दोष उन्हाळ्याला देत असू. बहरीनच्या जुलैला काहीही चिकटवता येते!

आमचे हिशेबनीस रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना काकाच म्हणत. तीसेक वर्षे आखातात काढलेली, निवृत्तीला वर्ष उरलेले. संगणकात नोंद करण्याआधी ते प्रत्येक व्हाउचर निळ्या शाईने एका कच्च्या वहीत उतरवून घेत. आम्ही तरुण मंडळी त्या वहीला हसत असू.

त्या वर्षी तपासनिसांना हिशेबात फरक सापडला. एकोणीस नोंदी अशा, की व्हाउचरवर एक रक्कम आणि संगणकात दुसरी. दर वेळी संगणकातली जास्त. सहा दिनार ७५० फिल्सचे झाले १४ दिनार ९४२ फिल्स. एकवीस दिनार ३०० फिल्सचे झाले २९ दिनार ४९२. एकूण फरक १५५ दिनार ६४८ फिल्स. रक्कम फार मोठी नव्हती, पण नोंदी काकांच्या नावाने होत्या. वय झाले, दिसत नाही, असे कुणी म्हणाले. कुणी त्याहून वाईट बोलले. साहेबांनी पत्र तयार करायला सांगितले.

त्या संध्याकाळी काका वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “हे बघ, चूक माझी असती तर दर वेळी वेगळी झाली असती. माझा हात थरथरेल रे, पण दर वेळी आठ दिनार एकशे ब्याण्णव फिल्सनेच कसा थरथरेल?”

मी एकोणीसच्या एकोणीस वजाबाक्या करून पाहिल्या. खरेच, प्रत्येक फरक ८.१९२. आणि हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता.

आकड्याचे गणित

बहरीनच्या दिनारचे हजार फिल्स होतात. आमचा हिशेबाचा प्रोग्राम रक्कम फिल्समध्येच, पूर्णांकात साठवत असे. म्हणजे फरक ८१९२ फिल्सचा. संगणक आकडा लिहितो तो फक्त शून्य आणि एक या दोन खुणांनी. त्यातल्या एका घराला बिट म्हणतात. उजवीकडून पहिल्या घराची किंमत १, मग २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत चौदाव्या घराची किंमत होते बरोबर ८१९२. मशीन सुरू होताना पडद्यावर मेमरीचा आकडा दिसे तोही ८१९२ एमबी. म्हणून तो ओळखीचा वाटला होता.

समजा मेमरीच्या पट्टीतल्या एखाद्या घराला शून्य लिहायला सांगितले तरी ते एकच दाखवते. मग जी रक्कम त्या जागेतून जाईल आणि जिच्या त्या घरात शून्य असेल, ती ८१९२ फिल्सनी फुगून बाहेर पडेल. जिच्या त्या घरात आधीच एक आहे, उदाहरणार्थ साडेबारा दिनार, तिला काहीच होणार नाही. हजारो नोंदींत फक्त एकोणीस चुका, त्याही सगळ्या वाढीच्या, याचा उलगडा त्यातून होत होता. पण उलगडा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा यंत्राकडूनच काढायला हवा होता.

असे एकट्या आमच्याच बाबतीत घडले असेही नाही. २००३ सालच्या मे महिन्यात बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळच्या शारबेक येथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त दिली. मिळू शकतील त्याहून मते अधिक भरली, म्हणून ती चूक उघडकीस आली. ४०९६ हीदेखील बिटाच्याच एका घराची किंमत, तेराव्या घराची. एक बिट आपोआप उलटला असावा, असा त्या वेळी निष्कर्ष निघाला.

शुक्रवारची रात्र

मेमरी तपासण्यासाठी मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. तो विंडोज किंवा लिनक्सच्या आत चालवून फारसा उपयोग नाही, कारण चालू प्रणाली मेमरीचा काही भाग स्वतःच अडवून बसते आणि नेमका तो भाग तपासायचा राहतो. म्हणून प्रोग्राम पेनड्राइव्हवर उतरवायचा, मशीन त्यावरूनच सुरू करायचे आणि मेमरी पूर्णपणे त्याच्या ताब्यात द्यायची. तो प्रत्येक घरात ठरावीक नक्षी लिहितो, परत वाचतो, नक्षी बदलतो, पुन्हा वाचतो. एक फेरी पुरत नाही. कधीतरीच दगा देणारे घर चौथ्या-पाचव्या फेरीत सापडते. म्हणून रात्रभर चालवायचा.

त्याआधी मी एक काम केले, ते तुम्हीही करावे. सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि त्यातल्या चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. आजारी मशीनने घेतलेली प्रतही आजारी असू शकते. आमच्या जुन्या प्रतींतही चुकीचे आकडे इमानाने उतरले होतेच.

शुक्रवारी ऑफिस बंद. काका आणि मी करक चहाचे कागदी पेले घेऊन पडद्यासमोर बसलो. दुसऱ्या फेरीत लाल ओळी उमटू लागल्या. चुकलेला बिट दाखवणाऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच आकडा, २०००. मी क्षणभर नाराज झालो, मग लक्षात आले की तो रकाना सोळाच्या पायावर मोजलेला असतो. त्या मोजणीतले २००० म्हणजे आपले ८१९२. काकांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

दुसऱ्या पट्टीवर एकही लाल ओळ आली नाही. दोषी पट्टी काढली, पडद्याचे फोटो काढले, आणि रविवारी ते फोटो व काकांची वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी माफी मागितली असे म्हणता येणार नाही. पण पत्र फाडले, आणि खरा सर्व्हर घ्यायला मंजुरी दिली.

नवे मशीन, आणि पहिल्याच दिवशी तपासणी

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकलो. तपासणीचे सॉफ्टवेअर मशीन धडधाकट असतानाच बसवायचे असते. यंत्र बिघडते तेव्हा ते गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्याचे खापर जवळच्या माणसावर फुटते. नव्या सर्व्हरवर आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिले, मेमरी. सर्व्हरसाठी ईसीसी जातीची मेमरी घ्यावी. तिच्यात प्रत्येक ६४ बिटांमागे ८ बिट जादा असतात. त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर तो जागीच दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळते. यामागचे गणित बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केले. सुट्टीच्या दिवसांसाठी यंत्रावर लावून गेलेले काम चूक आढळताच यंत्र सोडून देई, याला वैतागून ते त्या मागे लागले. म्हणजे त्यांचीही कथा सुट्टीपासूनच सुरू होते! गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ सालच्या अभ्यासात वर्षभरात शंभरातल्या आठांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. पण एक सावधगिरी. ईसीसी चूक मुकाट्याने दुरुस्त करते, त्यामुळे मेमटेस्ट स्वच्छ दिसू शकतो. खरी माहिती दुरुस्त्यांच्या नोंदींत असते. एकाच पट्टीच्या नावाने दुरुस्त्या वाढू लागल्या की ती बदलण्याची वेळ आली. लिनक्सवर या नोंदी रासडीमन नावाचा प्रोग्राम गोळा करतो.

दुसरे, यंत्राची स्वतःची डायरी. बहुतेक सर्व्हरांत मुख्य संगणकापासून वेगळा असा एक चिमुकला संगणक असतो. मशीन बंद असले तरी तो जागा असतो आणि पंखे, तापमान, वीजपुरवठा यांच्या नोंदी ठेवतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली आणली. येथे सर्वांत आधी घड्याळ लावून घ्या, नाहीतर बिघाडाची नोंद मिळते पण तारीख भलतीच. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, आणि या चिमुकल्या संगणकाचे दार कधीही थेट इंटरनेटवर उघडू नका.

तिसरे, डिस्क. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, त्या सोयीला स्मार्ट म्हणतात. ती वाचणारा स्मार्टमॉनटूल्स हा संच ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००२ साली सुरू केला. त्यात लहान चाचणी दोन मिनिटांची, मोठी चाचणी डिस्कचा सारा पृष्ठभाग वाचणारी. चार टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात. आम्ही लहान रोज रात्री आणि मोठी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी पहाटे लावली. डिस्का रेड कार्डाच्या मागे असतील तर प्रोग्रामला कार्डाचा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर डिस्कऐवजी कार्डाचाच मुखवटा दिसतो.

चाचणीअखेर ‘उत्तीर्ण’ असा शेरा येतो, त्यावर विसंबू नये. त्याखालचे दोन आकडे पाहावेत. एक, खराब म्हणून बाजूला टाकलेल्या जागांचा. दुसरा, संशयित म्हणून खोळंबलेल्या जागांचा. ते शून्य असावेत, आणि शून्य नसतील तर निदान वाढते नसावेत. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्का तपासून २००७ साली निष्कर्ष छापले. पृष्ठभाग वाचताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढल्या साठ दिवसांत बंद पडण्याचा संभव, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाला. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. अर्थ सरळ आहे. तपासणी कित्येकदा आगाऊ सूचना देते, हमी देत नाही. फायलींच्या प्रतीची जागा ती घेऊ शकत नाही.

चौथे, उष्णता. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे बाहेर चाळीसच्या वर, आणि ऑफिसातला एसी सुट्टीत कुणीतरी वीज वाचवायला बंद करून जातो! तापमानाची मर्यादा आधीच ठरवून ती ओलांडताच सूचना येईल अशी सोय करावी. शमाल वाऱ्यानंतर जाळीवरची धूळही काढावी.

पाचवे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे: सूचना माणसापर्यंत पोचते का? आम्ही सगळे बसवले, महिनाभर एकही मेल आली नाही आणि आम्ही खूश होतो. मग कळले की मेल बाहेर पडतच नव्हती. तेव्हापासून चाचणीची मेल मुद्दाम पाठवून पाहतो. स्मार्टच्या प्रोग्राममध्ये सुरू होतानाच अशी मेल धाडण्याची सोय आहे. पत्ता दोघांचा द्यावा, कारण एकटा असेल तर बिघाड नेमका तो सुट्टीवर गावी गेल्यावर होतो.

वही

हे वाचून कुणी म्हणेल, आता सगळे क्लाउडवर गेले, या उठाठेवी कशाला? २०१९ च्या जुलैत ॲमेझॉनने मध्यपूर्वेतले आपले पहिले क्लाउड केंद्र बहरीनमध्येच सुरू केले, हे खरे. पण तिथेही मेमरी आणि डिस्काच असतात. फरक इतकाच, की तपासणारी माणसे दुसरी असतात. घरातल्या संगणकावर मुलांचे फोटो, गावच्या जमिनीचे कागद असतात. ते तपासणारे आपल्यावाचून कुणी नाही. एक पेनड्राइव्ह आणि एक मोकळी रात्र, एवढाच खर्च.

काका वर्षभराने सन्मानाने निवृत्त होऊन गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी एक नवी वही आखून सर्व्हरजवळ टांगली. पहिल्या पानावर नव्या मशीनचे पहिल्या दिवसाचे आकडे आहेत, निळ्या शाईत. पुढचे आकडे ताडून पाहायला हीच पहिली नोंद लागते. पुढच्या पानांवर तारीख, तापमान, डिस्कचे दोन आकडे, मेमरीच्या दुरुस्त्या आणि शेवटचा रकाना, “मेल आली का?”

त्या वहीला आता कुणी हसत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती भरतो.