देवाच्या दारी उतरून जावे

आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव मागे टाकून यात्रेकरू सह्याद्री चढू लागतो. परंतु भीमाशंकराच्या दारी पोहोचण्यासाठी अखेर त्याला पायऱ्या उतराव्याच लागतात. भक्तिमार्गाचे मर्म जणू या उतरणीत साठविलेले आहे. चढून आल्याचा अभिमान वरच ठेवावा आणि मगच गाभाऱ्याकडे वळावे.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूर येथे, मांडवी नदीच्या काठी तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. माघ शुद्ध दशमीला स्वप्नात त्यांचा अनुग्रह झाल्याचे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. गुरूंनी मस्तकी हात ठेवला, ‘रामकृष्ण हरि’ हा मंत्र दिला. त्याच निवेदनात तुकोबा आणखी एक गोष्ट सांगतात. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि आपल्याला त्याचा विसर पडला! आयुष्यातील परमभाग्याचा क्षण वर्णितानाही त्यांनी आपली उणीव झाकली नाही. अहंकारी मनुष्य प्रसाद सांगतो आणि प्रमाद गाळतो; संत दोन्ही सांगतात.

या प्रसादाचा ओघ धर्माच्या सीमा ओलांडूनही गेला. जुन्नरला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कवी नारायण वामन टिळकांनी दीर्घकाळ कार्य केले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नव्या घरात गेलेल्यास जुन्या घराची निंदा करणे सोपे असते. टिळकांनी मात्र, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे मोकळेपणाने सांगितले आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचीच वाट धरली. पुढे १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहिले. ऋण मान्य करणे हीसुद्धा नम्रताच होय.

ज्या ख्रिस्ताला टिळक शरण गेले, त्याची एक कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मृत्यूच्या आदल्या रात्री येशूने कमरेला वस्त्र गुंडाळले आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्र नावाच्या शिष्याने संकोचून पाय मागे घेतले, तेव्हा येशूने त्यास बजावले की, ही सेवा नाकारशील तर माझ्याशी तुझा संबंध उरणार नाही. सेवा करणे कठीण, तशीच ती नम्रपणे स्वीकारणेही कठीण. राजसूय यज्ञात अतिथींचे पाय धुणारा श्रीकृष्ण कीर्तनातून ऐकत आलेल्या भाविकांस ही कथा परकी वाटू नये.

आज उत्सवात देणगीच्या फलकावर आपले नाव कितवे, पहिल्या आरतीचा मान कोणाचा, यावरून घराघरांत अबोला येतो. देव मखरात तिष्ठत राहतो आणि पूजा होते ती अहंकाराची! अशा वेळी ओतूरची समाधी आठवावी. ज्याच्या वाणीने महाराष्ट्र तरला, त्याने पावशेर तुपाचा विसरही लपविला नाही. मग आपण कसला तोरा मिरवावा?