सुई टोचली तर ‘बघू उद्या’ नको. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या कोणाला लागतात?

रुग्णाचे रक्त काढून झाले आणि सुईला परत टोपण लावताना ती नर्सच्या बोटात घुसली. दवाखान्यांत काय, कचरा वेचताना काय, असे प्रकार घडतात. मग कोणी बोट पिळून रक्त काढत बसते, कोणी गप्प राहते. जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि तडक डॉक्टर गाठावा.

गोळ्या प्रत्येकालाच लागतात असे नाही. बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात तीन. जखम नसलेल्या कातडीवर रक्त उडाले, किंवा घाम, थुंकी लागली (त्यात रक्त नसेल) तर गोळ्यांची गरज नसते. मात्र सुई खोल गेली, ती आतून पोकळ होती, तिच्यावर रक्त दिसत होते किंवा रक्त डोळ्यात उडाले, तर डॉक्टर गांभीर्याने घेतात. ते रक्त कोणाचे, त्याची तपासणी झालीय का, हेही विचारतात. धोका दिसत असेल तर त्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवायचा नसतो; रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर गोळ्या बंद करू शकतात.

खरी गोम वेळेची. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत. शनिवारी संध्याकाळी सुई टोचली आणि ‘सोमवारी ओपीडीत दाखवू’ म्हटले, की निम्म्याहून जास्त वेळ हातचा गेला. कंडोम फाटला किंवा लैंगिक अत्याचार झाला, तरी मुदत हीच. पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे.

कोर्स २८ दिवसांचा. मळमळ होते म्हणून मध्येच सोडला तर उपयोग नाही. त्रासाचे डॉक्टरांना सांगावे.

‘गावात कळेल’ या धास्तीने लोक थांबतात. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. जवळच्या केंद्राची माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळते.

आणि एक, सुईतून हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. त्याची लस घेतली होती का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.