१९७० च्या आधी जन्मलेली माणसं यादीतून गायब का होतात?

मागच्या भागात आपण टाइमस्टॅम्पबद्दल बोललो, पण एक प्रश्न राहिलाच होता. टाइमस्टॅम्प उणे असेल तर काय?

युनिक्सच्या मोजणीत १ जानेवारी १९७०, यूटीसीची मध्यरात्र, हे शून्य. तिथून पुढे सेकंद वाढत जातात, मागे गेलात की उणे. १ मे १९६० घ्या, महाराष्ट्र राज्याचा पहिला दिवस. शून्यापासून ३,५३२ दिवस मागे, म्हणजे उणे ३०,५१,६४,८०० सेकंद. आकडा अगदी सरळ आहे. पोस्टग्रेसच्या टू-टाइमस्टॅम्पला तो दिला की तारीख बरोबर येते, एसक्यूलाइटमध्येही येते.

मायएसक्यूएलमध्ये मात्र फ्रॉम-युनिक्सटाइमला उणे आकडा दिला की मिळतं नल. एरर नाही, क्वेरी आपली मजेत चालते. त्यावर डेट-फॉरमॅट लावलं तरी नलच. आता विचार करा, तुम्हाला साठीच्या वरच्या सभासदांची यादी काढायची आहे. आज साठी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जन्माचा टाइमस्टॅम्प उणेच असणार! वय नल, अट खरी ठरत नाही, ओळ बाहेर. ज्यांच्यासाठी यादी काढली, नेमके तेच तिच्यात नाहीत.

उपाय सोपा आहे. फ्रॉम-युनिक्सटाइम सोडा, डेट-ॲड घ्या: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीत तितके सेकंद मिळवा, उणे असतील तर उणेच मिळवा. मग खुशाल फॉरमॅट करा.

पण थांबा, खरी मेख इथे आहे. फ्रॉम-युनिक्सटाइम सेशनचा टाइम झोन स्वतः लावतं, डेट-ॲड लावत नाही. जन्मतारीख भारतातल्या मध्यरात्रीची म्हणून साठवली असेल, तर उत्तर येतं ३० एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा. वाढदिवस एक दिवस आधी! म्हणून साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद आणखी मिळवायचे. आणि तेही सगळ्यांना पुरत नाहीत बरं का. युद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, आपली घड्याळं एक तास पुढे होती, यूटीसीपेक्षा साडेसहा तास. टाइम झोनचा इतिहास जाणणाऱ्या प्रोग्रॅमने १९४३ ची तारीख साठवली असेल, तर १९,८०० मिळवूनही तुम्ही आदल्या रात्री अकरालाच पोचता. ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांच्या नोंदी म्हणूनच हाताने तपासा.

कॉलम अनसाइन्ड असेल तर उणे आकडा आत शिरतच नाही. स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर येते, ते बरंच. स्ट्रिक्ट नसेल तर शून्य साठतं आणि सगळे १ जानेवारी १९७० ला जन्मतात. ती माहिती गेली ती गेली, मूळ फॉर्म शोधावे लागतात.

माझं मत विचाराल तर जन्मतारखेला सेकंद हवेतच कशाला? डेट प्रकारचा कॉलम करा, तो सन १००० पासूनच्या तारखा घेतो. बदल करण्याआधी दोन आकडे मोजून ठेवा: उणे किती आणि नेमके शून्य किती. बदलानंतर नल किती आले ते पहिल्या आकड्याशी ताडून बघा.