दगड घासायचं मशीन घेताय? आधी पाणी, मग मोटर

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मध्येच आलेला भोंग्याचा आवाज गाळला आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. दौंडहून एका श्रोत्याने विचारलंय: ‘भीमेच्या पात्रात मला पट्टे-पट्टे असलेल्या गारगोट्या सापडतात. त्या घासून पेंडंट करायचे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात सहा इंची बेंच ग्राइंडर अडीच हजाराला मिळतोय. घेऊ का?’ असाच प्रश्न शिरूरच्या दोघा-तिघांनीही विचारला होता.

थोडक्यात उत्तर: जसा दुकानात मिळतो तसा नका घेऊ. का, ते सांगतो. आणि त्याऐवजी काय, तेही सांगतो.

आधी दगड कोणता ते बघू

मशीन ठरतं ते दगडावरून. आपला शिरूर-दौंडचा सगळा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर सिलिका झिरपली आणि थराथराने जमली. तोच अकीक, म्हणजे अगेट. काळा पाषाण झिजून जातो, अकीक कडक असल्यामुळे मागे उरतो, आणि भीमा-घोडच्या वाळूत आपल्याला गारगोटी म्हणून सापडतो.

मोहसच्या काठिण्य श्रेणीत अकीक साडेसहा ते सात. साधं पोलादी पातं साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणून घरच्या घरी चाचणी सोपी: चाकूच्या टोकाने ओरखडा उठला नाही आणि दगडाने काचेवर ओरखडा उठला, तर तो बहुधा अकीक किंवा जास्पर. ओरखडा उठला, तर दगड मऊ आहे. पुणे परिसरातल्या खाणींतून झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात, वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. पण ते मऊ आणि ठिसूळ असतात. ते घासायचे नाहीत, तसेच ठेवायचे.

आणि हा छंद आपल्याकडे नवा नाही बरं का. शिरूर तालुक्यातच, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि तिथल्या वस्तूंमध्ये अशाच दगडांचे मणीही आहेत. विजेची मोटर नसताना हे काम झालंय. म्हणजे कमी वेगाने, चिकाटीने अकीक घासला जातो. हा मुद्दा पुढे कामाला येईल. (अशा पुरातत्त्वीय जागेवरून मात्र एक खडाही उचलायचा नाही.)

कोरडं घासणं का नाही

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो कोरडा घासला की धूळ उडते. जी दिसते ती खाली बसते. जी दिसत नाही, साधारण चार-पाच मायक्रॉनची, ती हवेत तासन् तास तरंगते आणि थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. तिथे गेलेली सिलिका बाहेर येत नाही. फुफ्फुसावर वण तयार होतात. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही, आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो.

हे पुस्तकी नाही. गुजरातमधल्या खंभातला अकीकाचं काम शतकानुशतकं चालत आलंय. दगड रतनपूरच्या बाजूने यायचा, तोही दख्खनच्या लाव्हाशी नातं सांगणारा, म्हणजे आपल्या दगडाचा भाऊच. हे काम पुढे विजेच्या सानेवर आणि बरंचसं घरोघरी होऊ लागलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कारागिरांचा अभ्यास केला. सिलिकोसिस घासणाऱ्यांना होताच, शिवाय धूळ आसपास राहणाऱ्यांपर्यंतही पोचत होती, ज्यांनी कधी सानेला हात लावला नव्हता.

आता मला सांगा, आपण हे कुठे करणार? घराच्या पडवीत, गच्चीवर, नाहीतर फ्लॅटच्या बाल्कनीत. पोरं तिथेच खेळतात, आईचे पापड तिथेच वाळत असतात. तुम्ही मास्क लावाल हो, पण घरच्यांचं काय? म्हणून मशीन बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: याच्यावर पाणी सोडता येतं का? नाही म्हणालात की ते मशीन यादीतून बाद, कितीही स्वस्त असो.

वेगाचं गणित

दुसरा प्रश्न वेगाचा. लोक एचपी विचारतात, पण बघायचा असतो चाकाच्या कडेचा वेग. सूत्र शाळेतलंच: व्यास गुणिले पाय गुणिले दर सेकंदाचे फेरे.

चार इंची अँगल ग्राइंडर ११,००० आरपीएमने फिरतो. कडेचा वेग येतो सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. सहा इंची बेंच ग्राइंडर आपल्याकडे साधारण २,८०० आरपीएमचा, तिथे २२ मीटर. तेच सहा इंची चाक १,४४० वर फिरवलं तर सव्वा अकरा. पट्टा-पुलीने ७२० वर आणलं तर साडेपाचच्या थोडं वर.

वेग जास्त असला की पाणी दगडाला लागण्याआधीच चाकावरून उडून जातं. दगड तापतो, आणि अकीक तापला की तडकतो. अमेरिकेतल्या व्हिडिओत १,७२५ आरपीएम ऐकाल, कारण त्यांची वीज ६० हर्ट्झची. आपली ५० ची, म्हणून तीच मोटर इथे १,४४० च्या आसपास फिरते. घाबरू नका, नवख्या माणसाला कमी वेग बराच.

एकेक मशीन

अँगल ग्राइंडर: सगळ्यात स्वस्त, सगळ्यांकडे असतो. पण कोरडा चालतो, प्रचंड धूळ करतो, आणि साध्या ग्राइंडरवर पाणी सोडणं म्हणजे शॉकला आमंत्रण. बाद.

बेंच ग्राइंडर: त्याच्यासोबत येणारं करडं चाक लोखंडासाठी असतं. अकीकावर ते लगेच गुळगुळीत होतं आणि दगड फक्त तापवतं. हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लावलं तर कापतं, पण वेग जास्त आणि पाण्याची सोय नाही. आणखी एक, असं चाक पाण्यात बुडवून बंद ठेवलं तर एका बाजूने पाणी पितं, तोल जातो, आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर फुटू शकतं. मोटरही पाण्यासाठी बंदिस्त नसते. आहे तसा बाद.

मिक्सरची मोटर: ‘भंगारात शंभर रुपयाला मिळते’ असं कुणी ना कुणी सांगतंच. ती सलग तासभर चालायला बनवलेलीच नसते, आणि वेग हजारोंत. बाद.

तयार लॅपिडरी मशीन: एका दांड्यावर सहा-आठ डायमंड चाकं, पाण्याची सोय, ट्रे. काम उत्तम करतं. पण बाहेरून मागवलं तर वाहतूक आणि कस्टम धरून छंदाच्या हिशेबाबाहेर जातं. जयपूर-खंभातकडे कारागिरांसाठी साधी मशीनं बनतात, कुणी ओळखीचं तिकडे जात असेल तर विचारून बघा.

टंबलर: एक आडवा डबा, त्यात दगड, पाणी आणि ग्रिट. हळूहळू फिरत राहतो, तीन-चार आठवडे. धूळ नाही, हात जायची भीती नाही. आकार मात्र तुमच्या मनासारखा येत नाही, दगड फक्त गुळगुळीत होतात. बाल्कनीवाल्यांनी आणि लहान मुलं असलेल्यांनी याचा विचार आधी करावा.

फ्लॅट लॅप: जात्यासारखी आडवी फिरणारी चकती, वरून थेंब थेंब पाणी, भोवती टब. वरून घुमटासारखा आणि खालून सपाट, असा कॅबोशॉन यावर छान होतो. स्वस्तात करायचं तर माझं मत याला. मी वापरतो तेही हेच.

शिरूर-दौंडमध्ये हे जमवायचं कसं

सगळं सामान आपल्या बाजारपेठेत मिळतं.

मोटर: जुन्या घरघंटीची बघा. १,४४० आरपीएम, पाऊण ते एक एचपी, आणि तासन् तास चालायची सवय. आपल्याला खरं तर पाव एचपीही पुरते. रिवायंडिंगवाल्या काकांकडे हमखास एखादी पडलेली असते. पाटीवर ‘एस-१’ लिहिलंय का बघा, त्याचा अर्थ सलग चालण्यासाठी. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटर नुसती गुणगुणत असेल तर लगेच बंद करा.

दांडा: लेथवाल्याकडून एक उभा दांडा करून घ्या, दोन पिलो ब्लॉक बेअरिंगमध्ये बसवा. मोटरला दोन इंची पुली, दांड्याला चार इंची, की झाले ७२०. मोटर टबाच्या खाली नाही, बाजूला ठेवायची, मध्ये फळी. पाणी गळणार हे गृहीतच धरायचं.

पाणी: वर टांगलेली पाच लिटरची कॅन आणि मेडिकलमधून आणलेला नवा सलाइनचा सेट. थेंबांचा वेग चाकावरून कमी-जास्त करता येतो. ऊसवाल्यांकडे ठिबकची नळी आणि कॉक असतातच, तेही चालतं.

वीज: इथे पैसे वाचवायचे नाहीत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरं अर्थिंग. पाणी आणि वीज हातभर अंतरावर असताना हे दोन्ही नसतील तर मशीन सुरूच करू नका. आमच्या पंचायतीचं अर्थिंग चांगलं आहे असं म्हणून चालत नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

चकत्या: सहा इंची डायमंड चकत्या ऑनलाइन मिळतात. सुरुवातीला ८० नको, ती फार खोल ओरखडे पाडते. २२०, ६००, १,२०० आणि ३,००० एवढं पुरे. याहून स्वस्त वाट म्हणजे ओट्याच्या ग्रॅनाइटला पॉलिश करायचे चार इंची पॅड. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतोच, त्यामुळे ते अकीकाला चालतात. शेवटी फेल्टवर सेरियम ऑक्साइड, ज्याने काचेचे ओरखडे काढतात. एक नियम पाळा: आधीच्या चकतीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढची लावायची नाही, आणि बदलताना दगड, हात, टब सगळं धुवायचं. ६०० चा एक कण ३,००० वर आला तर अर्धा तास वाया.

माझा सगळा खर्च साडेसात हजारांच्या आसपास गेला. त्यात मोटर जुनी होती. सगळ्यात जास्त पैसे चकत्यांना आणि आरसीसीबीला लागले.

रोजची शिस्त

पाणी सोडलं म्हणजे धोका संपला असं नाही, बारीक तुषार उडतातच. म्हणून एन-९५ मास्क आणि गॉगल हवेतच. हातमोजे, ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस नकोत, चकती ओढून घेते.

टबातला चिखल हा दुसरा दिवस विसरतात सगळे. तो वाळला की पुन्हा तीच धूळ. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ ओला असतानाच खड्ड्यात पुरा. जागा झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कपडे झटकायचे नाहीत, थेट पाण्यात टाकायचे.

मग दौंडच्या दादांनी काय करावं?

माझा सल्ला: अडीच हजार आत्ता खिशातच ठेवा. आधी रंगवाल्याच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, १२० पासून १,००० पर्यंत. जाड काचेवर ठेवा, पाणी घाला, आणि एक चपटी लहान गारगोटी हाताने घासा. आठ-दहा संध्याकाळी जातील. शंभर-दोनशे रुपयांत कळेल की यात मन रमतं का. रमलं, तर फ्लॅट लॅप जुळवा. तयार काही घ्यायचं झालं तर दुकानदाराला चार प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं? आरपीएम किती? मोटर सलग चालते का? पाणी सांडलं तर मोटरपर्यंत जातं का? चारांपैकी एकाचंही उत्तर ‘तेवढं काय होत नाही हो’ असं आलं, तर आभार मानून बाहेर पडा.

पुढच्या भागात मोठी गारगोटी कापायची कशी, टाइल कटर चालतो का, ते बघू. तुमच्याकडे घोडच्या किंवा भीमेच्या पात्रातला कुठला दगड असेल तर ओला करून फोटो पाठवा, कोरड्या दगडाचे पट्टे दिसत नाहीत. भेटू.