'कसा गेला?' याच्या पुढचा प्रश्न

तुमच्या फोनमध्येही तो ग्रुप असेल. 'दहावी अ', 'जुने दोस्त', 'बॅकबेंचर्स' असं काहीतरी नाव. कित्येक महिने म्यूटवर पडलेला. दिवाळीला कोणी दिव्यांचा फोटो टाकतं, कोणाचा बड्डे असला की केकची रांग लागते, बाकी सामसूम. आणि एक दिवस अचानक त्यावर सत्तावन्न मेसेज दिसतात. वर एक फोटो. फोटोखाली नाव. नावाआधी 'कै.'.

वर्गमित्राच्या नावाआधी 'कै.' वाचायची सवय आपल्याला नसते. आजोबांच्या, शेजारच्या काकांच्या नावाआधी ते वाचलेलं असतं. पण विशी-बाविशीतला दोस्त? डोकं आधी हेच म्हणतं, की सेम नावाचा दुसरा कोणी असेल.

मग ग्रुपवर काय होतं ते बघा. पहिला प्रश्न येतो, 'कसा गेला बे?' दहा जण दहा वेळा विचारतात. कोणाला तरी अर्धवट माहिती असते, तो ती टाकतो, दुसरा त्यात दुरुस्ती करतो. त्यानंतर जोडलेले हात, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'आरआयपी भाई'. दोन दिवसांनी कोणीतरी भरतीच्या जाहिरातीची लिंक टाकतो आणि ग्रुप पुन्हा झोपतो.

कसा होता, हे तिथे कोणीच विचारत नाही. आणि ते सांगू शकणारी जगातली जी पंधरा-वीस माणसं आहेत, ती सगळी नेमकी त्याच ग्रुपवर असतात.

माझा शाळेतला मित्र या वर्षी गेला. अकोल्याचा. कसा गेला ते इथे लिहीत नाही, ते त्याच्या घरचं. कसा होता ते लिहितो. सातवी ते दहावी आम्ही एका बाकावर. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. सकाळची शाळा सुटायची तेव्हाही डांबर चपलेला चिकटायचं. तो पाण्याची बाटली कधीच आणायचा नाही. माझी अर्धी प्यायचा आणि उरलेली स्वतःच्या डोक्यावर ओतायचा. भूमितीत शून्य, पण आकृती अशी देखणी काढायचा की सरांना दोन मार्क द्यावेच लागायचे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला वाहतात, ती कावड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी खांद्यावर घेतलीही असेल. नववीत तो पहिल्यांदा मंडळाबरोबर चालला आणि नंतर शाळेत आला तो लंगडतच. सरांनी विचारलं तर म्हणे, "सर, महादेवाचं पाणी मले जड नाही गेलं, नवी चप्पल जड गेली."

शाळा संपल्यावर पुढं मी अमरावतीत आलो, तो तिकडेच राहिला. भांडण वगैरे काही नाही. मधे शंभरेक किलोमीटर, दोघांचे वेगळे दोस्त, वेगळी टाइमटेबलं, एवढंच. जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं, आठवतं? त्या दिवशी त्याचा मेसेज आला होता. "आता तं ये बे. तुह्यासाठी रस्ता बी केला."

आता अकोल्यातच शिकलेल्या आणखी एका विद्यार्थ्याबद्दल. आम्हा मास कॉमवाल्यांना पत्रकारितेच्या इतिहासात टिळक-आगरकर वाद असतोच. आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक? दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहायचे, मार्क घ्यायचे, विसरून जायचं. मित्र गेल्यानंतर तो धडा पुन्हा चाळला, तेव्हा मुद्द्यांपेक्षा ती दोन पोरंच जास्त दिसायला लागली.

गोपाळ गणेश आगरकर मूळचे कराडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी फिरत फिरत अकोल्याला नातेवाइकांकडे आले. इथेच 'वऱ्हाड समाचार'मध्ये लिहू लागले, म्हणजे एका अर्थाने तेही आमच्यासारखे इंटर्नच. 1875 मध्ये मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. गरिबी एवढी की सदरा एकच. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं सांगतात. अशी गोष्ट कोणत्या मार्कशीटवर नसते. ती शेजारी राहणाऱ्यालाच दिसते.

तिथे त्यांना टिळक भेटले. दोघांचं वय जवळपास सारखं, आगरकर 1856 मधले आणि टिळकही. शाळा काढायची, पेपर काढायचा, मोठ्या पगाराच्या मागे लागायचं नाही, हे सगळं ठरलं ते त्या दोस्तीतच. 1880 मध्ये शाळा सुरू झाली, 1881 मध्ये 'केसरी'. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात दोघांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. कोठडीत रात्री त्यांच्या गप्पा एवढ्या रंगायच्या, की आवाजाचं भान राहायचं नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

आणि मग बिनसलं. 1887 मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, 1888 मध्ये 'सुधारक' काढला. एकाने आपल्या पेपरात लिहायचं, दुसऱ्याने आपल्या पेपरात त्याला झोडायचं. आज आपण स्टेटस टाकून करतो तेच, फक्त मराठी खूप चांगलं. 17 जून 1895 ला आगरकर गेले. वय चाळीसही नव्हतं. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो सांगताना त्यांना रडू आवरत नव्हतं आणि एरवीपेक्षा फार वेळ लागला, असं सांगितलं जातं. मरणासमोर मतभेद बारीक होऊन जातात आणि जुन्या आठवणींनी लेखणी गोंधळते, अशा आशयाचं त्यात आहे. अख्ख्या महाराष्ट्राला ज्याच्या लेखणीचा धाक, तो माणूस इथे अडखळतो. मला तो अख्खा वाद एका बाजूला आणि हे अडखळणं एका बाजूला वाटतं. पेपरात असं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत, ते सोडा.

टिळकांकडे 'केसरी' होता. आपल्याकडे काय आहे? बडनेऱ्याहून अकोल्याला जाणारी गाडी आहे.

तेरवीला जायला जमलं तर जाच. पण त्या दिवशी घर भरलेलं असतं, वाढणं-जेवणं सुरू असतं, कोणी कोणाचं ऐकत नाही. महिना-दीड महिन्याने पुन्हा जा. तेव्हा नातेवाईक परतलेले असतात आणि घरात नुसता पंखा फिरत असतो. काय बोलायचं हे ठरवून जाऊ नका. 'काळजी घ्या काकू' वगैरे तर नकोच. शाळेतली एक गोष्ट सांगा, बस. मी चपलेची सांगितली. काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले तं हे मालूमच नाही बाबू. घरी आला तं पाय दुखते म्हणे फक्त." मग त्यांनी आतून त्याच्या लहान भावाला हाक मारली आणि मला म्हणाल्या, "पुन्हा सांग."

त्या दिवशी मी ती गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा शेजारच्या आजीसाठी.

आणखी एक. फोन बदलण्याआधी, फॉरमॅट मारण्याआधी त्याचे फोटो आणि व्हॉइस नोट वेगळ्या काढून ठेवा. शाळेतल्या गॅदरिंगचे, ट्रिपचे फोटो घरच्यांकडे नसतात. तेव्हा मोबाइल त्याच्याकडे नव्हता, दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनमध्ये ते पडून असतात. ग्रुपवर मागितले तर मिळतात. आम्हाला एकतीस मिळाले. व्हॉइस नोट माझ्याकडे एकच निघाली, अकरा सेकंदांची. काकूंना पाठवली आहे.